सल्ला केंद्रासाठी स्वयंसेवक तयार करताय? या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावी दर शनिवारी मोफत सल्ला केंद्र भरतं. नवे स्वयंसेवक तयार करायचं काम माझ्याकडे आहे. पहिली दोन वर्षं मी एक मोठी चूक केली. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात नुसत्या योजना शिकवल्या: संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, रेशन, माहितीचा अधिकार. मुलांनी सगळं पाठ केलं, पण टेबलावर बसल्यावर समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं राहून गेलं.

एकदा एक मावशी आल्या. "उत्पन्नाचा दाखला काढायचाय," म्हणाल्या. आमच्या नव्या मुलीने लगेच कागदांची यादी लिहून हातात दिली. मावशी उठायला लागल्या, तेव्हा मी त्यांची पिशवी बघायला मागितली. गंजलेल्या टाचणीने टोचलेला कागदांचा गठ्ठा आणि पासबुक. पासबुकात निराधारचं अनुदान पाच महिन्यांपासून जमाच नव्हतं. कुणीतरी त्यांना "दाखला आणा" म्हणून सांगितलं होतं, तो हयातीचा दाखला. सांगोवांगी तो उत्पन्नाचा झाला होता.

तेव्हापासून योजनांच्या आधी मी तीन प्रश्न शिकवते. हा कागद तुमच्याकडे कुणी मागितला? कशासाठी? तो मिळाला नाही तर काय अडेल? सराव खऱ्या गठ्ठ्यांवरच घेते, नावं आणि नंबर झाकून. एकाने पिशवी घेऊन यायचं आणि मनातली अडचण लगेच सांगायची नाही, दुसऱ्याने ती काढून घ्यायची. यात अर्धा दिवस जातो, आणि तो जायलाच हवा.

दुसरी चूक मुदतीची. "पुढच्या शनिवारी या, बघू," हे वाक्य साधं वाटतं, पण त्या आठवड्यात अपिलाची मुदत संपू शकते. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा पटलं नाही, तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत. ग्राहक तक्रारीला साधारण २ वर्षं. म्हणून आमच्या नोंदवहीत नावानंतरचा रकाना तारखेचा आहे: कागद कधी मिळाला, नकार कधी आला. अर्ज दिल्याची पोच नसेल, तर पहिलं काम पोच मिळवायचं. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित (म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेली) सेवा वेळेत मिळाली नाही तर अपील करता येतं, पण हातात पोच नसेल तर उशीर दाखवणार कसा?

तिसरी चूक, "काळजी करू नका, केस तुम्हीच जिंकाल." स्वयंसेवक हे प्रेमापोटी बोलतो, पण माणूस त्या भरवशावर तडजोड नाकारतो. आपण वकील नाही, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगा आणि पुढचा रस्ताही शिकवा: मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती, किंवा विधी सेवेची देशभराची हेल्पलाइन १५१००. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. प्रत्येकीला सांगायलाच हवं.

चौथ्या चुकीबद्दल मी कुणाचीच गय करत नाही. आधार कार्डाचा फोटो काढून "कुणाला माहितीय का हो?" म्हणत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं. अडचण विचारा, पण नाव, गाव, कागद काहीही न दाखवता. घरात मारहाण होत असलेल्या बाईच्या बाबतीत तर जिवाचाच प्रश्न असतो. सोबत नवरा किंवा सासू असेल तर "एवढा फॉर्म बाहेरच्या टेबलावर भरून द्या" म्हणून त्यांना बाजूला बसवायचं आणि मगच तिच्याशी बोलायचं. फोन कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी केलेला चालेल, हे तिलाच विचारायचं. न विचारता केलेला फोन घरात दुसराच कुणी उचलतो. महिला हेल्पलाइन १८१ आणि घरगुती हिंसाचारात मदत करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर तोंडी पाठ करून द्यायचा, चिठ्ठीवर नाही.

मुलं दोन-तीन महिन्यांत गळत असतील, तर बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी त्यांना एकटं बसवलेलं असतं. आमच्याकडे पहिले चार शनिवार नवा माणूस जुन्याच्या शेजारी बसून फक्त नोंदवही लिहितो. पाचव्या शनिवारी खुर्च्या बदलतात. बोलतो नवा, वही जुन्याकडे. संध्याकाळी टेबलं आवरल्यावर दोघं ती वही एकदा पहिल्या ओळीपासून वाचतात.