पहिलं कोरल घेताय? आधी मे महिना आठवा

दर उन्हाळ्याच्या तोंडावर कोणीतरी मला फोटो पाठवतंच, मत्स्यालयाच्या दुकानातल्या निळ्या लाइटखाली हिरवं-जांभळं चमकणारं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, आणि खाली "नवीन आहे, हे घेऊ का?". माझं उत्तर ठरलेलं आहे. रंगाचं नंतर बघू, आधी सांगा मेमध्ये दुपारी तीनला तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं पाणी किती डिग्रीला जातं, आणि घरातली वीज गेली तर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) किती वेळ चालतो. ह्या दोन प्रश्नांची उत्तरं आली की कोरल आपोआप ठरतं.

कोरलला साधारण २४ ते २७ डिग्री लागतं. आमच्याकडे पुण्यात पाण्यावर छोटा फॅन सोडला की दोन-तीन डिग्री उतरतात, पण पाणी उडून जातं आणि मीठ मागेच राहतं, म्हणजे रोज साधं आरओ-डीआयचं, म्हणजे सगळे क्षार गाळून काढलेलं पाणी वर टाकत राहायचं (मिठाचं नाही बरं का, ही चूक भल्याभल्यांनी केलीय). मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत फॅन तेवढा चालत नाही, तिथे चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे बाजूला काढूनच ह्या नादाला लागा. आणि विजेसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप तरी घरात हवाच.

टँक चालू करून किमान दोन-तीन महिने झालेत ना? अमोनिया आणि नायट्राइट शून्य, खारटपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ च्या आसपास आणि तो रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे थेंबभर पाण्यातून खारटपणा दाखवणाऱ्या उपकरणाने मोजलेला. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी पुरत नाही, पुढे डीआयचा फिल्टर लावून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्यावर आणा. नायट्रेट मात्र शून्य करायच्या मागे लागू नका, ५ ते १५ पीपीएम असलेलं सॉफ्ट कोरलला (दगडी सांगाडा नसलेल्या, मऊ अंगाच्या) उलट मानवतं, एकदम चकाचक पाण्यात ती उपाशी राहतात. टँक सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाला विचारा की माशांच्या औषधासाठी कॉपर, म्हणजे तांबं, टाकलं होतं का. हो म्हणाला तर त्यात कोरल नको, कॉपर दगडात आणि सिलिकॉनमध्ये मुरून बसतं.

आता एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. आपल्याकडे दगडासारखा सांगाडा बनवणारी सगळी हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, २००१ पासून. म्हणजे वाघ ज्या यादीत त्याच यादीत. ब्लॅक कोरल, फायर कोरल, सी फॅन पण त्यातच, आणि ऑर्गन पाइप कोरल खरं तर सॉफ्ट कोरलच्या घराण्यातलं, तरी तेही त्यातच. त्यामुळे परदेशी व्हिडिओत "बिगिनरसाठी बेस्ट" म्हणून हॅमर, टॉर्च, डंकन ही हार्ड कोरल दाखवतात ती बघा आणि सोडून द्या. मालवणला स्नॉर्कलिंग करताना पायाशी मेलेला तुकडा दिसला तरी उचलायचा नाही, मेलेल्यालाही कायदा लागू आहे. टँकसाठी दगडसुद्धा सिरॅमिकचा किंवा माणसाने बनवलेला घ्या.

तर राहिलं काय, मश्रूम, लेदर, झोआ, झेनिया, केनिया ट्री. आणि गंमत म्हणजे नवशिक्याला पेलवणारी कोरल हीच आहेत, ह्यांना कॅल्शियम-अल्कलिनिटीचं डोसिंग (मोजून वरून टाकत राहणं) लागत नाही, नियमित पाणी बदललं की भागतं.

माझं मत विचाराल तर पहिलं मश्रूम. डिस्कोसोमा म्हणून मिळतं, नाण्याएवढी चकती, लाल नाहीतर निळी. लाइट कमी लागते, फ्लो (पाण्याचा प्रवाह) कमी लागतो, टँकच्या तळाशी सावलीच्या बाजूला ठेवलं तरी खुश. तापमान एखादा दिवस चढलं तर आक्रसून बसतं आणि पाणी निवलं की परत फुलतं. एकच खोड, जागा आवडली नाही की सुटतं आणि पाण्यात भटकायला लागतं, मग वेव्हमेकरच्या जाळीत अडकून त्याचा चिवडा. ग्लूने चिकटवायला जाऊ नका, अंगावरच्या चिकट स्रावामुळे ग्लू धरतच नाही. प्लास्टिकच्या छोट्या डब्यात दगडाचे बारीक तुकडे घ्या, त्यावर मश्रूम सोडा, वर जाळी बांधा आणि आठ-दहा दिवस फ्लो नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. तुकड्याला स्वतःच धरतं, मग तो तुकडा हवा तिथे चिकटवा.

दुसरं लेदर, त्यातलं टोडस्टूल म्हणजे सार्कोफायटन. माझं आणलं तेव्हा आई म्हणाली ही तर अळंबी, आणि दिसतंही तसंच, जाड देठ आणि वर छत्री, छत्रीवर बारीक बारीक पॉलिप, म्हणजे फुलासारखी इवली तोंडं. आणल्यावर दोन दिवस छान उघडलं, मी त्याची जागा बदलली, झालं, सगळे पॉलिप आत. छत्रीवर मेण फासल्यासारखी चकाकी आली, मग त्यावर तपकिरी शेवाळं. पाचव्या दिवशी आई म्हणाली गेलं ते, फेकून दे. मी पण जाळी घेऊन हात घातलाच होता. नवव्या दिवशी सकाळी बघतो तर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा एका बाजूने सुटून पाण्यात फडफडतोय आणि खालून नवीकोरी छत्री. लेदर असं कात टाकतं, नेहमीचं आहे. म्हणून त्याला मध्यम फ्लो हवा, पापुद्रा धुऊन निघायला. मेलेलं लेदर कसं ओळखायचं? देठ मऊ पडतो, काळपट होतो, आणि बाहेर काढलं की असला वास येतो की विचारायची गरज उरत नाही.

झोआ म्हणजे रंगीबेरंगी बटणं, सगळ्यांना तीच हवी असतात. चिवट आहेत, घ्या, पण ह्यांच्यात आणि ह्यांच्या पॅलिथोआ भावंडांत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. हात लावताना ग्लोव्ह्ज, कापताना डोळ्यांवर चष्मा, आणि झोआ लागलेला दगड कधीही उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही. वाफेतून विष छातीत जाऊन परदेशात अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात पोचलीयत. घरात रांगतं मूल असेल तर मी म्हणेन झोआ राहू दे सध्या.

झेनिया आणि केनिया ट्री, दोन्ही तणासारखी. झेनियाची मूठ उघडझाप होताना बघत बसायला मजा येते, पण एका टँकमध्ये गाजरगवतासारखी पसरते आणि शेजारच्या टँकमध्ये चार दिवसांत विरघळते, कारण कोणी नीट सांगू शकत नाही. मुख्य दगडावर लावू नका, वेगळ्या बेटावर ठेवा. ॲनिमोन हे कोरल नव्हेच, आणि पहिल्या वर्षी तर ते घ्यायचं नाहीच नाही.

दुकानात गेलात की आधी पांढरी लाइट लावायला सांगा, निळ्याखाली आजारी पीसही झगमगतं. मश्रूमचं तोंड मिटलेलं हवं, आ वासून बसलेलं नको. ड्रॉपरने हळूच पाण्याची फुंकर मारा, आक्रसलं तर जिवंत आहे, ढिम्म राहिलं तर चालू लागा. किती दिवस झाले येऊन हे विचारा, कालच आलेलं असेल तर ॲडव्हान्स द्या आणि दोन आठवड्यांनी न्या. मोठ्या कॉलनीपेक्षा टँकमध्येच वाढवलेला फ्रॅग (कोरलचा कापलेला छोटा तुकडा) बरा, आणि बिल मागून घ्या, दुकानदार कुरकुरला तरी.

घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग थेंब थेंब आपलं पाणी सोडा, नंतर कोरल डिपमध्ये (किडे झाडायच्या औषधाच्या पाण्यात) बुडवून हलवा. खाली काय पडतं ते नीट बघा, झोआ खाणारे इवले गोगलगायीसारखे किडे झोआच्याच रंगाचे असतात. शक्य असेल तर फ्रॅगचा प्लग (ज्या छोट्या बैठकीवर तो चिकटवलेला असतो ती) काढून टाका, बुडाशी अंडी आणि एप्टेशिया, म्हणजे तणासारखं पसरणारं ॲनिमोन, लपून येतात. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये, टँकमध्ये नाही. पहिले दोन आठवडे तळाशीच ठेवा, लाइट थोडी कमी करून, मग हवं तर हळूहळू वर सरकवा. लेदर आणि झोआ शेजारी लावणार असाल तर वीतभर अंतर ठेवा आणि फिल्टरमध्ये कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) घाला, लेदर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याला छळतं.

दुसरं कोरल दीड महिन्याने. तोवर दर रविवारी एकाच वेळी, एकाच जागेवरून, पांढऱ्या लाइटमध्ये एक फोटो काढा. रोज बघून काही कळत नाही, सहा फोटो शेजारी ठेवले की मश्रूम वाढतंय का बारीक होतंय ते लगेच दिसतं.