स्विचवर पहिल्यांदा टीएफटीपी लावताना

नेटवर्किंगमध्ये नवीन लागलेल्यांना मी आधी एकच सांगते, स्विचला हात लावायच्या आधी कॉन्फिगचा, म्हणजे त्याच्या सेटिंगचा, बॅकअप घ्या. आणि तो शिकायला सगळ्यात सोपं टीएफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत. युजरनेम नाही, पासवर्ड नाही, सर्व्हरवर कुठल्या फाइली आहेत तेही दिसत नाही, नाव सांगून फाइल द्यायची नाहीतर घ्यायची, बस.

मी सिस्कोच्या २९६० मॉडेलच्या स्विचवर शिकले. कन्सोल केबल (स्विचला थेट कमांड द्यायची केबल) लावून व्हीलॅन १ ला, म्हणजे स्विचच्या मूळ आभासी नेटवर्कला, १९२.१६८.१.२ हा आयपी पत्ता दिला, नो शटडाउन करून ते चालू केलं, लॅपटॉपला १९२.१६८.१.१० आणि त्यावर टीएफटीपीडी६४ हा टीएफटीपी सर्व्हरचा प्रोग्रॅम चालू. केबल जोडली की पोर्टचा लाइट साधारण ३० सेकंद नारंगी असतो, स्पॅनिंग ट्रीचं, म्हणजे नेटवर्कमध्ये लूप होत नाही ना ते बघायचं, काम चालू असतं, तो हिरवा होईपर्यंत थांबायचं. मग कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी ही कमांड मारली (रनिंग-कॉन्फिग म्हणजे आत्ता चालू असलेलं कॉन्फिग), स्विचने सर्व्हरचा पत्ता विचारला, फाइलचं नाव विचारलं, आणि आलं काय तर टाइम्ड आउट!

दोन तास गेले माझे त्यात. लॅपटॉपवरून स्विचला पिंग (समोरचा उत्तर देतो का ते तपासायची कमांड) जातोय पण स्विचवरून लॅपटॉपला नाही, मी केबल बदलली, पोर्ट बदलला, स्विच रीस्टार्ट केला, आणि निघाला विंडोजचा फायरवॉल. लॅपटॉप असा थेट स्विचला जोडला की विंडोजला नेटवर्क ओळखता येत नाही, मग ते पब्लिक धरतं आणि बाहेरून येणारं अडवतं. म्हणून पिंग एकाच बाजूने जात असेल तर केबलच्या मागे लागू नका, आधी फायरवॉल बघा. परवानगी द्यायची ती त्या प्रोग्रॅमलाच द्या, कारण पहिली रिक्वेस्ट यूडीपी ६९ या पोर्ट नंबरवर (हे केबलचं पोर्ट नव्हे) येते पण पुढचा डेटा दुसऱ्याच पोर्ट नंबरवर चालतो. एकदा ते केलं आणि स्क्रीनवर उद्गारचिन्हं आली, म्हणजे फाइल गेली.

बॅकअप परत टाकताना मात्र सांभाळा. कॉपी टीएफटीपी रनिंग-कॉन्फिग केलं की जुनं पुसलं जात नाही, नवीन त्यात मिसळतं. चुकीच्या ओळी तशाच राहतात. पूर्ण जुन्या स्थितीला जायचं असेल तर स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये (स्विच सुरू होताना वाचतो ते) कॉपी करून रीलोड करा, आणि सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर आत्ताच आणलेली फाइल गेली.

आयओएसची इमेज, म्हणजे स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल, आणताना आधी शो फ्लॅश कमांडने स्विचच्या मेमरीत जागा बघा. वेळ लागतो कारण मूळ टीएफटीपीत ५१२ बाइटचा एकेक तुकडा जातो आणि पोच आल्याशिवाय पुढचा निघत नाही. जुन्या सर्व्हरवर ३२ एमबीच्या पुढची फाइल अडकते, ते याच हिशोबामुळे, तुकड्यांचे नंबर ६५५३५ लाच संपतात. फाइल आली की व्हेरिफाय करून एमडी५ (फाइल बरोबर आली का ते कळायचा कोड) सिस्कोच्या साइटवरच्याशी जुळवा, त्याआधी रीलोड अजिबात नको.

हे सगळं लॅबमध्ये किंवा थेट लॅपटॉप जोडून. टीएफटीपीत कॉन्फिग उघड जातं, एसएनएमपीची कम्युनिटीसुद्धा (स्विचवर देखरेख ठेवायचा जणू पासवर्ड) वाचता येते, त्यामुळे कस्टमरच्या चालू नेटवर्कवर मी एसएसएच लावून एससीपीच, म्हणजे एन्क्रिप्ट करून फाइल पाठवायची पद्धत, वापरते.