घराच्या विम्यात आधी ‘अपवाद’ वाचा

पॉलिसी हातात आली की आपण विम्याची रक्कम बघतो आणि कागद कपाटात टाकतो. त्याआधी ‘अपवाद’ हे पान, म्हणजे कशाची भरपाई मिळणार नाही त्याची यादी, उघडा. पाइप अचानक फुटून घरात पाणी झालं तर भरपाई बहुधा मिळते. पण त्याच पाइपचा सांधा महिनोन्‌महिने झिरपून भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, तर ती ‘झीज’ ठरते आणि दावा फेटाळला जातो. पूर आणि भूकंप पॉलिसीत धरलेत का, तेही बघा. घर बराच काळ बंद असेल तर चोरीचं संरक्षणही थांबू शकतं. दागिन्यांना स्वतंत्र मर्यादा असते, ती सहसा तुटपुंजीच.

दुसरी मेख रकमेत. विमा बाजारभावाचा नको, पुन्हा बांधायच्या खर्चाचा हवा. जमीन काही जळत नाही! पण रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवायला जाऊ नका. बांधायला १०० लागत असताना विमा ६० चा असेल, तर ॲव्हरेजचं कलम (विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाई कमी) असलेल्या पॉलिसीत १० च्या नुकसानीला ६ च मिळतात. ‘घसारा वजा करून’ असे शब्द दिसले, तर जुन्या फ्रिजचे जुन्याच भावाने पैसे मिळतील.

आणि हो, आजच मोबाइलवर खोली-खोलीचा व्हिडिओ काढून ठेवा, कपाटं उघडून.