आधी स्पाइक मोजा, टक्के नंतर

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात मी कॉलेजच्या मुलांच्या शिकवण्या घेते. स्पाइकिंग न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतल्या पेशींसारखे छोटे ठोके (स्पाइक) पाठवून शिकणारा प्रोग्राम, म्हटलं की सगळे एमनिस्ट या हस्तलिखित आकड्यांच्या प्रसिद्ध संचातल्या इंग्रजी आकड्यांकडे धावतात. माझा आग्रह देवनागरीचा. नेपाळमध्ये तयार झालेला २०१५चा हस्ताक्षर संच मोफत मिळतो. त्यात फक्त आकड्यांची शिकवायला १७,००० आणि तपासायला ३,००० चित्रं आहेत, प्रत्येक ३२×३२ पिक्सेलचं.

पायटॉर्च आणि एसएनएनटॉर्च या पायथनच्या लायब्ररी बसवा. १०२४ इनपुट (दर पिक्सेलला एक), मधल्या थरात ३०० न्यूरॉन, शेवटी १० (दर आकड्याला एक) एवढं पुरे; ज्याचे स्पाइक जास्त, तो आकडा उत्तर. चित्र २५ टप्प्यांत दाखवायचं: पिक्सेल जितका उजळ, तितकी त्या टप्प्यात त्याचा स्पाइक निघण्याची शक्यता जास्त. त्याआधी पिक्सेलला २५५ने भागा, नाहीतर काळा नसलेला प्रत्येक ठिपका सतत ओरडत राहील.

न्यूरॉनचं गणित चौथीतल्या पोरालाही जमेल. दर टप्प्याला जुनं व्होल्टेज गुणिले ०.९, अधिक नवीन आवक. १ हा उंबरठा ओलांडला की स्पाइक सुटतो आणि व्होल्टेजमधून १ वजा होतो. ०.९ ठेवल्यास सातव्या टप्प्यापर्यंत जुन्या आवकेचं निम्म्याहून कमी उरतं, ०.५ केलंत तर न्यूरॉन पक्का विसराळू. स्पाइक एकतर आहे किंवा नाही, त्यामुळे त्याला उतार नसतो आणि शिकणं अडतं. म्हणून चुका मागे पाठवताना त्याच्या जागी एक गुळगुळीत वक्र धरतात. लायब्ररी ते करते, तुम्ही हात लावू नका.

आता खरं काम. मुलं लगेच अचूकता बघतात आणि १०% पाहून हिरमुसतात. त्याआधी मधल्या थराचे स्पाइक छापा. सगळे शून्य असतील, तर शेवटचे दहाही न्यूरॉन गप्पच राहतात आणि सर्वांत जास्त स्पाइकचा न्यूरॉन शोधणारं फंक्शन बरोबरीत बहुधा पहिलाच उचलतं: प्रत्येक चित्र ‘०’! मग उंबरठा १ वरून ०.५ वर आणा. उलट, प्रत्येक न्यूरॉन दर टप्प्याला पेटत असेल तर तो वाढवा.

लॅपटॉपवर हे साध्या नेटवर्कपेक्षा हळूच चालतं. वीज वाचते ती इंटेलच्या लोइहीसारख्या, खास स्पाइकसाठी बनवलेल्या चिपवर.

आमच्याकडची एक गंमत: हातगाडीवाल्याच्या चिठ्ठीतला गुजराती पाच शिरोरेषा नसलेल्या ‘प’सारखा दिसतो. नेटवर्कने तो कधी पाहिलेलाच नाही, तरी दहातलं एक उत्तर ते देणारच. सर्वांत जास्त स्पाइक सोडणाऱ्या दोन न्यूरॉनच्या स्पाइकमध्ये दोन-तीनचाच फरक असेल, तर ‘माहीत नाही’ छापायची एक अट कोडमध्ये घाला.