शनिवार-रविवारी गुहागरला बोटीत बसायचंय? आधी हे बघा

आपण सातारकर कराडवरनं कुंभार्ली घाट उतरतो ते मोबाईलमधलं पावसाचं चित्र बघून, ऊन दिसलं की खूश. पण बोटीसाठी पाऊस नाय, वारा आणि लाट बघायची. शुक्रवारी रात्री मुंबई हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साईटवर लाटांची उंची बघा, कारण लांब समुद्रात वादळ असलं तर इथं वारा पडलेला असूनपण मोठी लाट येते आणि ती आकाशाकडं बघून कळत नाय. वारा नॉटमध्ये असला तर दुप्पट करून थोडं कमी धरा, 1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी, म्हणजे 25 नॉट वाचून हलकं समजू नका, ते ताशी 46 किमी होतात.

सकाळी लवकर निघा, दुपारनंतर खारा वारा जोर धरतो. भरती काढायला कोकणातला जुना हिशोब, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला आठची पाऊणपट, सहाच्या सुमारास. अंदाजच आहे हा, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. आणि तिथला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, नको म्हणला तर ॲप दाखवून वाद घालू नका, गप भजी खा.