समेवर शटर: पहिला कॅमेरा घेताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी गाणं आधी आलं, कॅमेरा फार नंतर. डिसेंबरात बाबांबरोबर हजीऱ्याला तानसेन समारोहाला जायचं, पहिल्या सकाळी तानसेनच्या समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा ऐकायची, हे लहानपणापासूनचं. त्यामुळे फोटोग्राफी शिकायची ठरली तेव्हा गाणाऱ्यांचे फोटो काढायचे हेही ठरलेलंच होतं. गाठीला ७५ हजार होते. तेवढ्यात एक तर नवा कॅनन आर१० येत होता, २०२२ चं मॉडेल. नाहीतर लग्नं करणाऱ्या एका फोटोग्राफरने वापरलेला कॅननचाच ५डी मार्क थ्री, २०१२ चा. नवा घ्यावा की वापरलेला, आता नवी मुलं मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून माझं काय झालं ते सांगते.

मी जुना घेतला. कारण सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. मार्क थ्रीचा ३६ बाय २४ मिलिमीटर, आर१०चा साधारण २२ बाय १५; क्षेत्रफळात अडीच पटीहून जास्त फरक. घरगुती बैठकीत उजेड म्हणजे छताला एक ट्यूबलाइट आणि समईची ज्योत. तिथे ५० एमएमची लेन्स १.८ वर, म्हणजे बरीच उघडून, शटर १/१२५ सेकंदावर ठेवलं तरी आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० च्या खाली क्वचित येतो. मोठा सेन्सर तिथे खरंच कामाला येतो. पण मधल्या दहा वर्षांत छोटे सेन्सर बरेच सुधारलेत, आणि मी धरून चालले होते तेवढी तफावत आता राहिलेली नाही. हे मला घेतल्यानंतर कळलं.

आवाजाचा विचार तर मी केलाच नव्हता. पहिलीच बैठक नया बाजारातल्या एका वाड्यात, चाळीसेक श्रोते, आलाप चाललेला. मार्क थ्रीला सायलेंट मोड आहे, पण आत आरसा उचलला जातो तो जातोच. आवाज दबतो, संपत नाही. दुसऱ्याच फोटोला पुढच्या रांगेतल्या काकांनी मान वळवून पाहिलं. काही बोलले नाहीत. त्यानंतर मी पाऊण तास कॅमेरा मांडीवर ठेवून बसले.

मग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बटण दाबायला शिकले. तबल्याची थाप पडते, दाद येते, त्यात शटर विरून जातं. पण संथ, विलंबित एकतालात बारा मात्रा सरेपर्यंत थांबावं लागतं, आणि गायकाचा खरा चेहरा दिसतो तो आलापातल्या मींडेवर, एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद सरकताना. तिथे तबला नसतोच.

पुढे एका मैत्रिणीचा आर१० मागून नेला. इलेक्ट्रॉनिक शटरवर तो अगदी गप्प, आणि डोळा ओळखून फोकस आपणहून धरतो. आलापाचे माझे सगळ्यात चांगले फोटो त्या संध्याकाळचे आहेत. तरी त्यालाही मर्यादा आहे. हे शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, म्हणून काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि द्रुत, म्हणजे जलद लयीत तबलजीची बोटं वाकडी दिसतात. द्रुत सुरू झालं की मेकॅनिकल शटरवर जायचं. तोवर तबला एवढा घुमत असतो की कुणाला ऐकू जात नाही.

म्हणून मी आता आधी विचारते, बसणार कुठे? बैठकीत बसायचं असेल तर आर१०सारखा नवा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा घ्या, आणि किट लेन्सचा, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सचा मोह टाळून उरलेले पैसे १.८ च्या लेन्सवर घाला. मुंजी आणि लग्नांची कामं घेणार असाल तर मात्र वापरलेला मार्क थ्री मी आजही सुचवीन. त्यात कार्डांना दोन खाने आहेत, दोन्हींवर एकाच वेळी फोटो लिहिता येतात. आर१०ला एकच खाना. मुंजीतलं मातृभोजन परत घडवता येत नाही. एक कार्ड बिघडलं तर दुसरं हाताशी हवं.

जुनं घेताना शटर किती वेळा चाललंय ते विचाराच. मार्क थ्रीचं शटर दीड लाख वेळा चालण्यासाठी बनवलेलं. मी घेतला तेव्हा ८८ हजार झाले होते. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो, या कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तपासायला आपलं कार्ड न्या आणि फोटो घरच्या मोठ्या पडद्यावर बघा.

लेन्स तर टॉर्च मारून आरपार बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅमेऱ्यानंतर वर्षभराने मी एक वापरलेली ७०-२०० एमएमची झूम लेन्स दुकानाच्या उजेडात बघून घेतली. घरी टॉर्च मारला तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. विकणाऱ्याने परत घेतली नाही. साफ करायला गेलेले पैसे माझे, आणि काचेवरचा डाग अजून तसाच आहे.

आणि आपल्या ग्वाल्हेरच्या थंडीचंही बघा. आर१०ची बॅटरी लहान आहे, गारठ्यात आणखी लवकर उतरते. हजीऱ्याच्या मंडपात रात्रभर बसायचं तर दोन जास्तीच्या बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. धुक्यातून घरी आल्यावर बॅग लगेच उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरतं. तासभर तशीच बंद ठेवा, तोवर चहा घ्या.