डिटॉक्सची औषधं आणि शेवटच्या घोटाची वेळ : या चुका टाळा

डिटॉक्ससाठी, म्हणजे देखरेखीखाली नशा उतरवायला, माणूस भरती झाला की घरच्यांचं सगळं लक्ष गोळ्यांच्या नावांकडे असतं. ही कशाची, ती किती पॉवरची, झोपेची तर नाही ना, सवय तर लागणार नाही ना. डॉक्टर मात्र सुरुवातीलाच विचारतात ती गोष्ट वेगळी असते : शेवटचं कधी घेतलं, किती घेतलं, आणि त्यासोबत आणखी काय काय चालू होतं? या तीन उत्तरांत गडबड झाली तर योग्य औषधही चुकीच्या वेळी शरीरात जातं. खाली ज्या चुका आहेत, त्यातल्या बहुतेकांचं मूळ वेळेच्या हिशोबात आहे. मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण यातली बरीचशी औषधं रुग्णाला तपासत तपासत, तासातासाला कमीजास्त करावी लागतात.

शेवटच्या वेळेबद्दल खोटं सांगणं

रुग्ण लाजेपोटी कमी सांगतो, घरचे रागापोटी जास्त सांगतात. दोन्हीने नुकसानच होतं. दारूचा विथड्रॉवल, म्हणजे ती बंद झाल्यावर शरीराला होणारा त्रास, शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 24 तासांत सुरू होतो : हात कापतात, घाम फुटतो, मळमळ होते, छाती धडधडते. फिट येण्याचा धोका 6 ते 48 तासांत सर्वांत जास्त. डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, भास, ताप आणि बेफाम वाढलेली नाडी, हा प्रकार बहुधा 48 ते 96 तासांत उभा राहतो. "परवा रात्रीपासून थेंब नाही" असं कुणी सांगितलं आणि प्रत्यक्षात सकाळी क्वार्टर झालेली असली, तर डॉक्टरांना वाटतं धोक्याचे पहिले दोन दिवस सुखरूप गेले. खरं तर ते अजून यायचे असतात.

लपवलेली दुसरी गोष्ट म्हणजे इतर गोळ्या. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीनचं खोकल्याचं औषध, रोजची झोपेची गोळी यांना बरीच माणसं व्यसनात धरतच नाहीत, म्हणून सांगतही नाहीत. मग दारूचा म्हणून उपचार सुरू होतो आणि तिसऱ्या दिवशी जांभया, नाक गळणं, जुलाब, अंगदुखी सुरू होते. ते ट्रॅमाडॉल-कोडीनसारख्या अफूजन्य औषधांचं असतं. घरात सापडलेली सगळी रिकामी पाकिटं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. तोंडी यादीपेक्षा ती पिशवी जास्त खरं बोलते.

"आता भोगू दे, म्हणजे धडा मिळेल"

दारू आणि बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या यांचा विथड्रॉवल जीवघेणा ठरू शकतो. अफू, हेरॉइन किंवा ब्राउन शुगरचा त्रास, ज्याला घेणारे ‘टर्की’ म्हणतात, तो भयंकर असतो, पण एरवी धडधाकट माणसाला त्यानेच मरण येणं विरळ. तिथेही उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं तर प्रकरण गंभीर होतं. त्यामुळे "मित्राने गर्द एका झटक्यात सोडलं, मग याला दारू का सुटत नाही" ही तुलनाच चुकीची. घरात कोंडून दारू तोडणं हा अघोरी प्रकार आहे, आणि पूर्वी एकदा तरी विथड्रॉवलमध्ये फिट आलेली असेल तर पुढच्या वेळी ती येण्याचा धोका वाढलेला असतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे त्यांना सांगा.

दारूच्या डिटॉक्समध्ये होणारे घोटाळे

इथलं मुख्य औषध बेन्झोडायझेपिन गटातलं असतं : क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम. क्लोरडायझेपॉक्साइड 1960 मध्ये बाजारात आलं आणि आजही टिकून आहे. दारू मेंदूतल्या ज्या शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करते, त्याच यंत्रणेला हे औषध आधार देतं आणि मग पाच-सात दिवसांत हळूहळू तो आधार काढून घेतला जातो. दारूचं ओझं एकदम खाली न टाकता पायरीपायरीने उतरवायचं, एवढाच हेतू.

पहिला घोटाळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो. माणसाला बरं वाटतं, भूक लागते, आणि घरचे म्हणतात, "आता कशाला गोळ्या? परत याचीच सवय लागेल." ठरलेला कोर्स मध्येच तुटतो. त्याच्या उलट चूकही तितकीच होते : घरी जाताना दिलेली चिठ्ठी महिनोन्महिने दुकानात दाखवत राहायची. डिटॉक्सची गोळी डिटॉक्सपुरतीच. ती कधी संपणार याची तारीख घरी जातानाच लिहून घ्या.

दुसरा घोटाळा यकृताचा. क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम यकृतात मोडले जातात, त्यातून तयार होणारे पदार्थही गुंगी आणतात आणि दिवसेंदिवस शरीरात रेंगाळतात. काविळ, सिरॉसिस किंवा जास्त वय असेल तर गुंगी साचत जाते. अशा वेळी डॉक्टर बहुधा लोराझेपामकडे वळतात, कारण ते तुलनेने सोप्या मार्गाने शरीराबाहेर जातं. म्हणून "शेजारच्या खाटेवरच्याला तर दुसरीच गोळी दिली" ही तक्रार करण्याआधी दोघांचे यकृताचे रिपोर्ट आठवावेत.

तिसरा घोटाळा गंभीर आहे आणि तो भल्या भल्या ठिकाणी होतो. अशक्त, न जेवलेल्या दारूच्या रुग्णाला आधी ग्लुकोजचं सलाईन लावायचं आणि थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, नंतर बघू म्हणायचं. साखर वापरायला शरीराला थायमिन लागतं. साठा आधीच तळाला गेलेला असतो. त्यातून वेर्निके एन्सेफॅलोपॅथी होऊ शकते : गोंधळलेलं मन, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणं. वेळेत उपचार झाले नाहीत तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत, आणि जास्त धोका असेल तर इंजेक्शनने. दारूने बिघडलेल्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही. रक्तातली साखर धोकादायक खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवून ठेवत नाहीत, दोन्ही लगेच देतात. "ताकदीचं सलाईन लावा" असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये, आणि थायमिन दिलं का हे विचारायला संकोचू नये.

चौथा : भास होतोय, ओरडतोय, म्हणून फक्त मनोविकाराचं शांत करणारं इंजेक्शन. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं फिट येण्याची शक्यता वाढवू शकतात. गरज पडली तर ती पुरेशा बेन्झोडायझेपिनच्या जोडीला दिली जातात, त्याच्या जागी नाही. फिट येऊ नये म्हणून नुसतं फेनिटॉइन देण्याची सवयही काही ठिकाणी आहे. दारूच्या विथड्रॉवलच्या फिटसाठी त्याचा उपयोग होत नाही.

किती द्यायचं हे कसं ठरतं? बऱ्याच ठिकाणी ‘सीवा’ नावाचं मोजमाप वापरतात : थरथर, घाम, अस्वस्थता, भास अशा दहा गोष्टींना गुण द्यायचे, जास्तीत जास्त 67. गुण वाढले की औषध, उतरले की थांबायचं. पण हे मोजमाप बोलू शकणाऱ्या रुग्णासाठी आहे. जो इतका भ्रमिष्ट झालाय की प्रश्नच कळत नाही, त्याच्या बाबतीत गुणांचा कागद फसवतो. नाडी, रक्तदाब, तापमान तिथे जास्त सांगतात.

आणि हे सांगायला नको, तरी सांगतो : गोळी चालू असताना वर दारू पिणं. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. भेटायला आलेल्या ‘मित्राने’ गुपचूप आणून दिलेली एक बाटली सगळ्या हिशोबाचा विचका करते. ती प्यायली गेली असेल तर पुढची गोळी देण्याआधी नर्सला कळलंच पाहिजे. त्याला ओरडा बसेल, बसू दे.

ब्युप्रेनॉर्फिन : दुखतंय म्हणून लवकर घेतली

अफूजन्य व्यसनांत सर्वांत जास्त गैरसमज या एका गोळीबद्दल आहेत. हेरॉइन मेंदूतल्या ज्या जागी बसतं, तिथेच ब्युप्रेनॉर्फिनही बसतं. त्याची पकड घट्ट, पण जोर अर्धवट. आधीचं हेरॉइन अजून जागेवर असताना ही गोळी घेतली तर ती त्याला ढकलून देते आणि स्वतः कमी काम करते. अर्ध्या-एक तासात टर्की दुप्पट वेगाने उसळते. माणूस म्हणतो, "ही गोळी मला सोसत नाही." गोळी बरोबर असते, वेळ चुकलेली असते.

हेरॉइनसारख्या लवकर उतरणाऱ्या पदार्थानंतर साधारण 12 तास किंवा जास्त थांबतात. मेथाडोन, म्हणजे लांब टिकणारं अफूजन्य औषध, असेल तर 24 ते 72 तास, कधी त्याहून पुढे. फेंटॅनिल हे अतिशय तीव्र अफूजन्य औषध चरबीत साठून हळूहळू बाहेर येतं, त्यामुळे तिथे घड्याळ एकटं पुरत नाही. तासांपेक्षा लक्षणांवर भर द्यावा : ‘काउज’ या अकरा मुद्द्यांच्या मोजपट्टीवर विथड्रॉवल स्पष्ट दिसू लागला की पहिली छोटी मात्रा. बाहुल्या मोठ्या, अंगावर काटा, सतत जांभया, नाक वाहतंय, अशी स्थिती हवी. नुसतं "मला होतंय" पुरेसं नाही, कारण भीतीनेही तसंच वाटतं.

चुकून लवकर घेतली गेलीच तर? सर्वांत वाईट प्रतिक्रिया म्हणजे घाबरून परत हेरॉइन घेणं. ब्युप्रेनॉर्फिनने जागा अडवलेली असल्यामुळे नेहमीचा परिणाम येत नाही, माणूस मात्रा वाढवत जातो आणि श्वास थांबण्याच्या वाटेवर पोचतो. ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं. ते बहुधा ब्युप्रेनॉर्फिनच आणखी देऊन किंवा लक्षणांवरची औषधं देऊन हा काळ पार करून देतात.

गोळी घेण्याची पद्धतही बिघडते. ही जिभेखाली ठेवायची. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच संपतं. पूर्ण विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर बोलणं, पाणी पिणं, सिगरेट बंद. तोंड कोरडं असेल तर आधी एक घोट पाणी. विरघळल्यावर थोड्या वेळाने चूळ भरावी, कारण या औषधाने दात खराब होण्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. नॅलॉक्सोन, म्हणजे अफूजन्य औषधांचा परिणाम उलटवणारं औषध, मिसळलेल्या गोळीबद्दल भीती असते की तेच टर्की आणतं. जिभेखालून ते फारसं शोषलं जात नाही. ते तिथे असतं ते कुणी गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून.

क्लोनिडीनचं वेगळं. मूळचं रक्तदाबाचं औषध, 1978 पासून अफूच्या विथड्रॉवलसाठीही वापरात. घाम, धडधड, अस्वस्थता कमी करतं. तलफ आणि अंगदुखी फारशी नाही. रात्री बाथरूमला जायला झटक्यात उठलेला माणूस चक्कर येऊन पडतो, तो बहुधा यामुळे. मात्रेआधी रक्तदाब मोजला गेला का हे बघा, आणि उठताना दोन मिनिटं बसून मग उभं राहायचं.

गर्भवतीच्या बाबतीत एकदम अफू तोडण्याचा हट्ट नको. तिथे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणं हाच मान्य मार्ग आहे.

झोपेच्या गोळ्यांना आठवड्याचा नियम लावणं

दारूचा कोर्स सात दिवसांत संपला, म्हणून वर्षानुवर्षं घेतलेलं अल्प्राझोलामही सात दिवसांत संपवायचं, असं होत नाही. इथे दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण 5 ते 10 टक्के कपात अशी संथ चाल असते, आणि कित्येकदा आधी डायझेपामसारख्या लांब टिकणाऱ्या औषधावर आणून मग कमी करतात. मध्येच त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबता येतं. महिने लागतात. हे आधीच माहीत असलेल्या घरात "अजून गोळ्या बंद का नाहीत" ही कटकट होत नाही.

डिटॉक्सनंतरची औषधं आधीच सुरू करणं

डायसल्फिराम (यावर दारू प्यायली की त्रास होतो) आणि नाल्ट्रेक्सोन (अफूजन्य पदार्थांचा परिणाम अडवणारं, दारूची तलफही कमी करणारं) ही विथड्रॉवल शांत करणारी औषधं नव्हेत. डायसल्फिराम शेवटच्या घोटानंतर निदान 12 तास गेल्याशिवाय देत नाहीत, आणि बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ते भाजीत किंवा चहात मिसळून न सांगता देणं हा घराघरांतला ‘गुप्त उपाय’ सरळसरळ धोकादायक आहे. बेसावध माणूस प्यायला की रक्तदाब कोसळणं, छातीत दुखणं, उलट्या. हृदयाचा आजार असेल तर जीवही जातो. ज्याला औषध देतोय त्याला ते माहीत असणं, हीच या औषधाची पहिली अट.

नाल्ट्रेक्सोनसाठी अफूजन्य काहीही न घेता 7 ते 10 दिवस, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिननंतर 14 दिवसांपर्यंत जावे लागतात. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन सुरू केलं आणि रुग्ण गुपचूप ट्रॅमाडॉल घेत होता, तर टर्की त्याच दिवशी.

तंबाखूचं थोडक्यात. भरती झाल्यावर दारूसोबत सिगरेट किंवा तंबाखूही बंद होते, आणि चिडचिड, झोप उडणं हे सगळं दारूच्या खात्यावर लिहिलं जातं. गुंगीचं औषध उगाच वाढतं. निकोटीनची पट्टी किंवा च्युइंगम मिळेल का हे विचारा.

घरी आल्यावरचे पहिले आठवडे

अफूजन्य व्यसनातून डिटॉक्स झालेल्या शरीराची सोसण्याची ताकद उतरलेली असते. पूर्वीची ‘रोजची’ मात्रा आता जीवघेणी ठरते, आणि नुसतं डिटॉक्स करून, पुढचं औषध न घेता घरी आलेल्यांत हा धोका मोठा असतो. म्हणून सुट्टी मिळण्याआधीच ठरवून घ्या : ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू राहणार का, पुढची तपासणी कधी, नॅलॉक्सोन घरात ठेवता येईल का आणि ते कसं द्यायचं. माणूस हलवूनही उठत नाही, श्वास फार मंद, ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या असं दिसलं तर नॅलॉक्सोन द्या, कुशीवर वळवा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. नॅलॉक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत उतरतो आणि गुंगी परत येऊ शकते, त्यामुळे उठून बसला तरी त्याला एकटं सोडायचं नाही. दारूच्या रुग्णाला फिट आली, ताप चढला, नसलेली माणसं दिसू लागली किंवा दिवस-वेळ कळेनाशी झाली, तर दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा, आणि तिथे पोचल्यावर शेवटचा घोट कधीचा, हे विचारायच्या आधी सांगा.